‘इथं पाणी येत नाही’: महाड-पोलादपूरकडे जागा घेण्याआधी पूर कसा तपासायचा

“इथं पानी येत नाय, काका.” २०१८ मध्ये जागा दाखवायला आलेल्या माणसानं मला हे सांगितलं, आणि तो खोटं बोलत नव्हता. २२ जुलै २०२१ ला सावित्री नदी फुगली तेव्हा नदीचं पाणी आमच्या फाटकापासून दोनेकशे पावलांवर येऊन थांबलं. घरात गुडघाभर शिरलं ते मागच्या पऱ्याचं, म्हणजे लहान ओढ्याचं. हा पऱ्या वर्षातले सात-आठ महिने कोरडा असतो. आम्ही त्यात गाडी उभी करायचो.

त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत जे जागा घेण्याआधी करायला हवं होतं ते सगळं मी उलट्या क्रमानं केलं. तुम्ही ते सुलट्या क्रमानं करावं म्हणून हे लिहितोय. उदाहरणं माझ्या महाड-पोलादपूर भागातली आहेत. पण चिपळूण, खेड, रोहा, म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याला जिथं जिथं नदी घाट उतरून लगेच सपाटीला लागते, तिथं हीच पद्धत चालेल.

काय काय लागेल

कागद: सातबारा, गटाचा नकाशा, अख्ख्या गावाचा नकाशा, मोजणी झाली असेल तर तिची ‘क’ प्रत (मोजणीनंतर मिळणारा हद्दींचा नकाशा), आणि शक्य तितके जुने फेरफार (मालकीतल्या बदलांच्या नोंदी). सातबारा आणि गावनकाशा महाभूमीच्या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतो. जुने फेरफार तलाठ्यांकडे किंवा तहसील कार्यालयात विचारा, आणि हातानं काढलेले नकाशे तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात.

सामान: गवंड्याकडे असते ती पारदर्शक लेव्हल ट्यूब (२०-२५ मीटर), मोजपट्टी, खडू, एक जाड वही, गमबूट. आणि वेळ. एक शनिवार-रविवार पुरणार नाही. त्यातही एक चक्कर भर जुलैमध्ये व्हायला हवी.

१. पाणी कुठून कुठून येतं, ते आधी समजून घ्या

आपण शहरातली माणसं पूर म्हणजे नदी असं धरून चालतो आणि नदीपासूनचं अंतर मोजतो. डोंगराळ तालुक्यात पाणी तीन बाजूंनी येतं, आणि तिन्हींची तऱ्हा वेगळी.

पहिली बाजू घाटाची. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरहून उंच, आणि महाड सरळ रेषेत तिथून जेमतेम तीस-बत्तीस किलोमीटर. एवढ्या अंतरात एवढा उतार म्हणजे वरचा पाऊस काही तासांत खाली. २२ ते २३ जुलै २०२१ या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. मिलिमीटरचा आकडा डोळ्यांपुढं उभा राहत नाही, म्हणून असा हिशोब करा: एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर. एका गुंठ्यावर साधारण साठ हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे सहा टँकर. एका दिवसात, एका गुंठ्यावर. आणि घाटमाथ्याचे किती गुंठे सावित्रीत उतरतात त्याची गणती नाही.

शिवाय सावित्री एकटी नसते. महाडजवळ तिला गांधारी मिळते, बिरवाडीकडून येणारी काळ मिळते. रायगड किल्ल्याच्या परिसरात झोडपलं की या दोघी भरतात. म्हणून “पोलादपूरला तर काहीच नाही” असं कोणी सांगितलं तरी महाडकर निश्चिंत होत नाहीत.

दुसरी बाजू खाडीची. ही नवख्यांच्या लक्षातच येत नाही, कारण महाडात उभं राहिलं की समुद्र कुठं दिसत नाही. पण बाणकोटच्या खाडीतून भरतीचं पाणी आत दासगावपर्यंत चढतं. भरती असताना नदीला खाली जायला वाट मिळत नाही, पाणी तुंबतं आणि मागं पसरतं. या पाण्याला वेग नसतो. ते शांतपणे, पायरी पायरीनं चढतं आणि ओहोटी लागेपर्यंत बसून राहतं. पात्रातली गाळाची बेटं आणि दासगावजवळचा रेल्वेचा भराव यांवर महाडमध्ये वर्षानुवर्षं वाद चालतो तो यासाठीच. पाणी उतरायला किती वेळ घेईल, हे तिथं ठरतं.

तिसरी बाजू तुमच्या घरामागची: पऱ्या, वहाळ, ओढा, जे नाव तुमच्या वाडीत असेल ते. याचं पाणी अर्ध्या तासात येतं आणि दोन तासांत जातं, पण येताना दगड, झाडं, चिखल घेऊन येतं. याची पातळी कुठल्याही सरकारी फलकावर नसते, आणि याचा इशारा कुणी देत नाही.

जागा बघताना वहीत तीन रकाने करा. प्रत्येक बाजूला स्वतंत्र उत्तर लिहा. मी एकच रकाना केला होता.

२. तालुक्याच्या मोठ्या तारखा लिहून काढा

गावात माणसांशी बोलायला जाण्याआधी या तारखा पाठ हव्यात, नाहीतर ‘त्या पुरात’ म्हणजे कुठल्या पुरात हे कळत नाही. आमच्याकडच्या मुख्य तारखा अशा:

२५-२६ जुलै २००५. मुंबई बुडाली तोच पाऊस. मुंबईच्या बातम्यांत आमच्याकडच्या दरडी झाकल्या गेल्या. महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथं डोंगर खाली आला आणि पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली.

२ ऑगस्ट २०१६. मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्रीचा ब्रिटिशकालीन पूल रात्री पडला. दोन एसटी गाड्या माणसांसह वाहून गेल्या. चढलेली नदी पुलाचं काय करू शकते, हे त्या रात्री दिसलं.

२२ जुलै २०२१. महाड शहर पाण्याखाली, चिपळूण पाण्याखाली, आणि त्याच दिवशी तळियेच्या कोंढाळकरवाडीवर दरड. ऐंशीहून अधिक माणसं गेली. दोन दिवसांवर गुरुपौर्णिमा होती, म्हणजे उधाण चढत होतं. वरचा पाऊस आणि खालची भरती असा दुहेरी मार होता.

पंचांग घेऊन बसायची सवय मला इथंच लागली. गावातली जुनी माणसं इंग्रजी तारीख सांगत नाहीत. ‘नागपंचमीच्या आदल्या दिवशी’, ‘दिव्याच्या अवसेला’ असं सांगतात. तिथी कळली की भरतीही कळते, कारण अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती. किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. पौर्णिमा पंधरावी, म्हणून सव्वाअकरा. हा खाडीच्या तोंडाचा हिशोब, आणि तोही ढोबळ. आत यायला भरतीला आणखी वेळ लागतो.

३. रेघा शोधा, आणि प्रश्न नीट विचारा

पुराचा सगळ्यात विश्वासू दस्तावेज भिंतीवर असतो. महाडच्या बाजारपेठेत जुन्या दुकानांत शिरा, दुकानदारांना विचारा. बहुतेक जण हात वर करून दाखवतील: “दोन हजार पाचला इथपर्यंत, एकवीसला इथपर्यंत.” कुणी रंगानं रेघ मारलेली असते, कुणी खिळा ठोकलेला असतो. गावात शाळा, देऊळ, ग्रामपंचायत, पिठाची गिरणी पाहा. गिरणीवाला हमखास सांगतो, कारण त्याची मोटर बुडालेली असते.

आता प्रश्नांबद्दल. “इथं पाणी येतं का?” हा प्रश्न कधीही विचारू नका. उत्तर ‘नाही’च येणार, आणि ते खरं असणार, पण तुमच्या अर्थानं नाही. आमच्या शेजारच्या काकींनी मला नंतर समजावलं: “पानी येत नाय म्हंजे जोत्याला लागत नाय. अंगणात तर दरसाल येतं.” त्यांच्या भाषेत अंगणातलं पाणी हे पाणीच नव्हे. ज्यांचं जोतं (घराचा चौथरा) चार फूट आणि भाताची कणगी माळ्यावर, त्यांना अंगणातल्या पाण्याचं काय वाटणार? माझं घर मात्र एका पायरीचं, ‘मॉडर्न’.

हे विचारा:

– एकवीस साली पाणी कुठल्या पायरीपर्यंत होतं? दाखवाल का?
– पाणी कुठल्या बाजूनं आलं, पुढून की मागून?
– चढायला किती वेळ लागला आणि किती वेळ राहिलं?
– म्हशी कुठं नेल्या होत्या?
– पाणी उतरल्यावर मागं काय राहिलं: नुसता चिखल, की वाळू, की दगड?

म्हशींचा प्रश्न सगळ्यांत कामाचा. जनावरं जिथं हलवतात ती जागा गावानं पिढ्यान्‌पिढ्या पारखलेली असते. तुमची जागा त्याहून खाली असेल तर थांबा आणि विचार करा. शेवटचा प्रश्नही सोडू नका. नुसता मऊ चिखल म्हणजे तुंबलेलं पाणी. दगड-गोटे म्हणजे वेगाचं पाणी, आणि वेगाचं पाणी भिंत पाडतं.

विचारताना किमान चार घरी विचारा, आणि त्यातलं एक घर असं असू द्या की ज्याचा जमिनीच्या व्यवहाराशी काही संबंध नाही. पोलीस पाटलांना भेटा. पुराची आणि दरडीची वर्दी आधी त्यांच्याकडूनच तालुक्याला जाते. तलाठ्यांकडे नुकसानीच्या पंचनाम्यांची माहिती असते. कुठल्या गटात किती वेळा पंचनामा झाला, ही ती जागा पुरात येते की नाही याची सरकारी कबुलीच असते.

जागेचं नावही ऐका. ‘मळई’ म्हणजे नदीनं आणून टाकलेला गाळ. ती जमीन नदीची, तुम्ही फक्त मधल्या काळात कसताय. ‘खार’, ‘खाजण’ म्हणजे भरतीचं पाणी अडवून काढलेली जमीन. शेताचं नाव ‘डोहाकडचं’ असेल तर डोह कुठं होता ते शोधा. नाव फुकट पडत नाही.

४. भिंतीवरची रेघ तुमच्या जागेवर आणा

हे काम मी आत्तापर्यंत सात-आठ ओळखीच्यांना करून दिलंय, आणि प्रत्येक वेळी कुणाचा तरी चेहरा उतरलाय. दुकानातली रेघ पाहून ‘अरे बापरे’ म्हणणं सोपं. प्रश्न असा की तीच पातळी तुमच्या प्लॉटवर कुठं येते? डोळ्यांनी हे कळत नाही. डोंगराच्या पार्श्वभूमीवर सपाट जमीन चढती वाटते आणि चढती सपाट.

मोबाइलमधली उंची यासाठी निरुपयोगी, ती कित्येक मीटरनं चुकते. सर्वे ऑफ इंडियाच्या नकाशावर दोन समोच्च रेषांमध्ये (सारखी उंची दाखवणाऱ्या रेषा) उंचीचं वीस मीटरचं अंतर असतं. तुम्हाला हवा असतो दोन फुटांचा फरक. इथं गवंड्याची ट्यूबच खरी.

पद्धत अशी. ट्यूबमध्ये पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका (राहिला तर सगळं मुसळ केरात). एक टोक पुराच्या रेघेला लावा, दुसरं टोक प्लॉटच्या दिशेनं वीस मीटरवर असलेल्या भिंतीला, झाडाला किंवा खुंटाला. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला थांबतं. दुसऱ्या टोकाला खडूनं खूण करा. ती खूण आता नवी रेघ. तिच्यापासून पुढचे वीस मीटर. जमीन चढत गेली तर खूण पायाशी येते, तिथं मोजून वर चढवा आणि वहीत लिहा: ‘इथं १ मीटर वर घेतली’. शेवटी ते सगळं वजा करायचं. दीडशे-दोनशे मीटर अंतर दोन माणसं आणि एक पोरगा दोन तासांत पार करतात. परत उलट मोजत या. सुरुवातीच्या रेघेपेक्षा दोन-तीन इंचांचा फरक आला तर चालेल, फूटभर आला तर कुठंतरी बुडबुडा होता.

मग प्लॉटच्या चारही कोपऱ्यांवर खुंट ठोकून त्यावर ती पातळी रंगवा. पुराचं पाणी तुमच्या स्वयंपाकघरात कुठवर येणार, हे डोळ्यांसमोर उभं राहतं. यानंतर बायकोला ‘नदीकाठचं घर’ पटवून देणं अवघड जातं, हे आधीच सांगून ठेवतो.

दोन अटी मात्र आहेत. रेघ प्लॉटच्या जवळचीच हवी आणि नदीच्या साधारण त्याच टप्प्यावरची. नदीचं पाणी वरून खाली उतरतं असतं, त्यामुळं एक किलोमीटर खालची रेघ सरळ वर आणली तर तुम्हाला खोटा दिलासा मिळेल. आणि ही युक्ती तुंबलेल्या पाण्याला लागू. पऱ्याचं उसळतं पाणी ट्यूबला जुमानत नाही.

५. निळी रेषा, लाल रेषा

जलसंपदा विभाग काही नद्यांच्या ठरावीक लांबीवर पूररेषा आखतो. निळी म्हणजे ढोबळमानानं पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध क्षेत्र; तिथं बाग, मैदान, वाहनतळ असे मोकळे वापर सोडले तर नवं बांधकाम नाही. निळ्या-लालमधला पट्टा नियंत्रित. तिथं बांधकामाला परवानगी मिळू शकते, पण २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर घ्यावं लागतं.

‘पंचवीस वर्षांतून एकदा’ हे शब्द फसवे आहेत. त्याचा अर्थ २०२१ ला आला, आता २०४६ पर्यंत निवांत, असा नाही. अर्थ असा की दर पावसाळ्यात पंचविसात एक शक्यता. तीस वर्षं तिथं राहिलात तर असा पूर एकदा तरी बघण्याची शक्यता ७१ टक्के येते. शंभर वर्षांच्या पुराची तीस वर्षांत २६ टक्के. चारातल्या एका घराला लाल रेषेचा पूर दिसणार, असं म्हणा हवं तर.

तुमच्या गटावर पूररेषा आहे का, हे तोंडी विचारू नका. मी तोंडी विचारलं, तीन टेबलांवर तीन उत्तरं मिळाली, तिन्ही हसतमुख. माहिती अधिकाराचा अर्ज करा: ‘अ’ नमुना, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. गाव, गट क्रमांक आणि नदीचं नाव देऊन पूररेषा दर्शवणाऱ्या नकाशाची प्रत मागा. ‘बांधकाम करता येईल का’ असा सल्ला मागितलात तर अर्ज परत येईल. कागद मागा, मत नको. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, म्हणून हे काम विसार देण्याच्या आधी.

नकाशावर रेषा नसेल तर? तर त्या नदीचं सर्वेक्षण झालेलं नसेल, एवढाच त्याचा अर्थ. पऱ्यांवर आणि लहान नद्यांवर बहुतेक ठिकाणी रेषाच नाहीत. दलाल मात्र ‘पूररेषेत नाही’ हे छातीठोकपणे जाहिरातीत छापतो, आणि तेही खरंच असतं.

नदीच्या पातळ्यांचे आकडेही समजून घ्या. सावित्रीची महाडला इशारा पातळी ६ मीटर, धोका पातळी ६.५ मीटर. रोह्याकडच्या कुंडलिका नदीची धोका पातळी २३.९५ मीटर. म्हणजे कुंडलिका चौपट खोल असं नव्हे. प्रत्येक ठिकाणचं शून्य वेगळं. एका नदीचा आकडा दुसरीशी लावू नका. आणि सावित्रीच्या इशाऱ्यात व धोक्यात अंतर अर्ध्या मीटरचं, हे डोक्यात पक्कं ठेवा. इशारा आला म्हणजे सामान उचलायला लागा. धोक्याची वाट पाहत बसायला मधे फार वेळ नसतो.

६. नकाशावरचा नाला आणि जमिनीवरचा नाला

गावनकाशा उघडा आणि त्यावरचे सगळे ओढे-नाले निळ्या पेनानं गिरवा. मग जागेवर जा. नकाशावर नाला आहे आणि जमिनीवर नाही, असं झालं तर कुणीतरी तो बुजवलाय. पाणी नकाशाप्रमाणेच वागतं. सातबाऱ्यावर पोटखराब ‘ब’ (लागवडीत नसलेली जमीन) खाली थोडं क्षेत्र दिसलं तर ते कशामुळं, हे विचारा; पुष्कळदा तो नाला किंवा वाट असते.

गूगल अर्थवर जुनी उपग्रह छायाचित्रं तारखेनुसार मागं नेऊन पाहता येतात. पावसाळ्यातली ढगांनी भरलेली असतात, त्यामुळं डिसेंबर-जानेवारीची बघा. माझ्या जागेच्या जुन्या चित्रात पऱ्या दुप्पट रुंद दिसतो. आमच्या आधीच्या मालकानं दोन्हीकडून भराव टाकून तो आवळला होता, आणि वर आम्ही दीड फुटी पाइप टाकून त्यावरून गाडीची वाट केली. जुलैमध्ये पहिली फांदी त्या पाइपात अडकली आणि पुढचं सगळं आमच्या मागच्या दारातून आलं. तिथं आता पाइप नाही. साकव, म्हणजे छोटा पूल आहे.

७. दरड: इथं घाई करू नका

पुराच्या पाण्यातून माणूस माळ्यावर चढून वाचतो. दरडीत माळाही जातो. त्यामुळं नदीपासून लांब म्हणून डोंगराच्या कुशीत जागा घ्यायची असेल, तर आगीतून फुफाट्यात जात नाही ना हे बघा.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं दरडप्रवण क्षेत्रांचे नकाशे केले आहेत, ते ‘भूकोश’वर पाहता येतात. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात पूरप्रवण आणि दरडप्रवण गावांच्या याद्या असतात. दोन्ही पाहा. पण यादीत नाव नाही म्हणून जागा सुरक्षित धरू नका: १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, आणि इर्शाळवाडी त्या यादीत नव्हती.

जागेवर काय पाहायचं? घळीच्या तोंडाशी पसरलेली जमीन टाळा, कितीही सुंदर दिसली तरी. शेतात अधूनमधून मोठाले धोंडे पडलेले असतील तर ते आकाशातून आलेले नाहीत. वर नजर टाका: ते जिथून निघाले ती जागा बहुतेक वेळा उघडी, झाडाविना दिसते. बुंध्याशी वाकून मग सरळ वाढलेली झाडं म्हणजे जमीन हळूहळू सरकतेय. वरच्या बाजूला कुणी जेसीबी लावून डोंगर कापलाय का, नवा रस्ता काढलाय का, हे तर आवर्जून पाहा. दोन गुंठे सपाट करायला उताराचा पाय कापायचा आणि मग वरचा डोंगर कशावर उभा राहणार? कापावंच लागलं तर संरक्षक भिंतीला पाणी निघायची भोकं ठेवा. माझ्या ओळखीत एकानं दिसायला बरं म्हणून ती सिमेंटनं बुजवली. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीला पोट आलं.

राहायला लागल्यावरच्या खुणा वेगळ्या: जमिनीला नवी भेग, दार अचानक अडकायला लागणं, नसलेल्या ठिकाणी झरा फुटणं, पऱ्याचं पाणी भर पावसात एकदम कमी होणं किंवा लाल-गढूळ होणं. पाणी कमी झालं म्हणजे वर कुठंतरी ते अडलंय. यातलं काहीही दिसलं तर भांडीकुंडी न बघता निघा, आणि पऱ्याच्या वाटेनं खाली पळू नका. आडवे बाजूला जा.

८. वर धरण आहे का?

हा भाग थोडक्यात. गावाच्या वरच्या अंगाला लघुपाटबंधाऱ्याचं धरण किंवा पाझर तलाव असेल तर एकदा चढून जाऊन बघा. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, ते असंच लहान धरण होतं. बांधावर झाडं वाढलीत का, खालच्या अंगाला पाणी झिरपतंय का, सांडव्यात (जादा पाणी निघून जायच्या वाटेत) दगडमाती साठलीय का, एवढं कुणालाही दिसतं. चिपळूणकडे जागा घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: कोयना धरणाचं पाणी वीज करून झाल्यावर वाशिष्ठी नदीत उतरतं. म्हणजे वाशिष्ठीला फक्त तिच्या डोंगराचं नव्हे, घाटापलीकडचंही पाणी येतं.

९. पावसाळ्यात जा. पुन्हा सांगतो, पावसाळ्यात जा

सगळे जण जागा बघायला डिसेंबरात येतात. हवा छान, पऱ्या कोरडा, रस्ता सुका. जुलैमध्ये, सलग तीन दिवस पाऊस झाल्यावर या. मात्र रेड अलर्टच्या दिवशी नको, आणि पुलावरून पाणी जात असेल तर गाडी घालू नका. घरापर्यंतच्या वाटेवर किती साकव, रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या किती मोऱ्या आहेत मोजा. तुमचं घर कोरडं राहिलं आणि वाटेतली एक मोरी बुडाली, तर तुम्ही बेटावर. आमच्या वाडीला २०२१ मध्ये वीज परत यायला कित्येक दिवस लागले, आणि मोबाइलचा टॉवर तर त्याआधीच गेला होता.

१०. राहायला आल्यावर

हवामान खात्याचा अलर्ट जिल्ह्याचा असतो, तुमच्या वाडीचा नव्हे. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढं मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार, आणि २०४.४ च्या वर गेला की अत्यंत मुसळधार, हे आकडे ठाऊक ठेवा. आणि अंगणात एक साधं पर्जन्यमापक लावा. रोज सकाळी साडेआठला वाचायचं, हवामान खात्याचा दिवस तेव्हाच मोजला जातो. दोन-तीन पावसाळ्यांत तुमचा स्वतःचा ठोकताळा तयार होतो. माझा असा: आदल्या दोन दिवसांत मिळून तीनशे झालेला असेल आणि महाबळेश्वरला अजून चालू असेल, तर आमची गाडी देवळाजवळच्या वरच्या माळावर जाते. शेजारी हसतात. हसोत. त्यांच्याही दोन गाड्या आता तिथंच असतात.

जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि ११२ हे दोन नंबर दाराच्या आतल्या बाजूला रंगवून ठेवा, फोनमध्ये नव्हे. घराचा विमा काढताना पूर आणि भूस्खलन दोन्ही त्यात आहेत ना, हे पॉलिसीत वाचा. २०२१ पासूनच्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत ते असतात. गाडीला नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर पुराचा एक रुपया मिळत नाही. बुडालेली गाडी चालू करून बघू नका, टो करा. मी चालू करून बघितली.

वीजेची बटणं, मीटर आणि इन्व्हर्टर पुराच्या रेघेच्या वर घ्या. कागदपत्रं माळ्यावर, झाकणाच्या प्लास्टिक डब्यात. आणि पाणी आलंच, तर उतरायच्या आधी भिंतीवर खूण करा. ओल्या भिंतीवर खडू टिकत नाही, मी कोयत्याच्या टोकानं ओरखडा काढला आणि दिवाळीत त्यावर लाल ऑइलपेंट मारला. शेजारी तारीख लिहा, पाणी किती वाजता होतं ते लिहा, आणि ‘पऱ्याचं’ की ‘नदीचं’ तेही लिहा.